हात लावण्याआधी दोन शब्द

काही वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मी स्वतः तीन दिवस कॉटवर पडून होते. त्याआधी वीसेक वर्षं नर्स म्हणून त्याच कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली, त्यामुळे पेशंटचं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता. पहिल्याच रात्री तो उतरला. घोट घोट पाणी घ्यायची परवानगी मिळाली होती, पण ग्लास लॉकरवर, माझ्या हातापासून वीतभर लांब. बेलचं बटण गादीच्या मागं लोंबकळत होतं. ती वीत मला रात्रभर ओलांडता आली नाही. सिस्टर तीनदा येऊन गेल्या. सलाईन बघितलं, बीपी घेतला, चार्टवर लिहिलं. कामात खोट काढायला जागा नव्हती. ग्लास मात्र तिथंच राहिला.

त्यांच्या जागी मी असते तर? तेच केलं असतं. शेकडो वेळा केलंही असेल.

नव्यानं ड्युटीवर लागलेली मुलं-मुली मला विचारतात, "सिस्टर, एवढ्या कॉट सांभाळायच्या, त्यात मायेनं वागायला वेळ कुठून आणायचा?" प्रश्न खोटा नाही. एका नर्सवर किती पेशंट असावेत ही लढाई वेगळी आहे आणि ती लढायलाच हवी. पण टेंपरेचर घ्यायचंच आहे, कूस बदलायचीच आहे, बेडपॅन द्यायचाच आहे. माया त्याच कामात घालायची असते, कामं उरकल्यावर करायला ठेवली की ती राहूनच जाते. पुढं जे सांगतेय ते सगळं त्याच वेळात बसतं. फार तर अर्धा मिनिट जास्त.

कॉटजवळ जाताना

आत शिरताना मॉनिटरकडे बघत शिरू नको. आधी चेहरा, मग सलाईन. आणि आपलं नाव सांग. २०१३ मध्ये केट ग्रेंजर नावाची इंग्लंडमधली डॉक्टर कॅन्सरची पेशंट म्हणून वॉर्डात पडून होती. तिच्या लक्षात आलं, येणारे-जाणारे कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत. 'हॅलो, माझं नाव अमुक' एवढ्याच वाक्यावर तिनं मोहीम सुरू केली आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत चालवली. डॉक्टर असून तिला ते खुपलं. ज्याला हॉस्पिटलमधलं काहीच कळत नाही, त्याच्या अंगाला अनोळखी माणसं दिवसभर हात लावत असतात तेव्हा त्याचं काय होत असेल?

'चौदा नंबरचं सलाईन संपलं' हे नर्सिंग स्टेशनवर, म्हणजे आपल्या टेबलाशी चालतं, कॉटजवळ नाही. काय म्हणून हाक मारू, हे एकदा विचारून घे. सगळ्याच म्हाताऱ्यांना आजी-आजोबा म्हटलेलं रुचत नाही. एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं मला पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, "आजी माझ्या नातवाची. तुझी मी बाई." मग तीन आठवडे मी त्यांना बाई म्हणत होते आणि इंजेक्शनच्या वेळी त्या निमूट हात पुढं करत होत्या.

सॅनिटायझरनं हात चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात. ते पेशंटच्या देखत चोळ आणि चोळता चोळताच बोलायला लाग. हात कोरडे आणि ऊबदार झाले की मगच अंगाला लाव. थंड ओला हात पोटावर पडला की माणूस आक्रसतो आणि मग तपासणीत पोट घट्ट लागतं ते वेगळंच. दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं असेल तर स्टूल ओढून बस. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातली पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली होती. डॉक्टरांनी उभ्यानं बोलून दिलेला वेळ आणि बसून दिलेला वेळ जवळपास सारखाच होता, तरी बसून बोललेल्यांनी जास्त वेळ दिला असं पेशंटना वाटलं. कॉटच्या कडेवर मात्र बसू नको. गादी दबते आणि ताजे टाके ओढले जातात. माझे ओढले गेले होते, भेटायला आलेल्या एका प्रेमळ मावशींमुळं.

आधी सांग, मग हात लाव

अख्ख्या लेखातलं एकच घ्यायचं असेल तर हे घे. काय करणार, कसं वाटेल, किती वेळ लागेल, हे तीन तुकड्यांत सांगायचं. "दंडाला पट्टा बांधतेय, घट्ट वाटेल, मिनिटभर." झालं.

खोटं सांगू नको. 'अजिबात दुखणार नाही' असं म्हणून सुई टोचली की पुढचे आठ दिवस तुझं कुठलंच वाक्य खरं वाटत नाही. कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी, लावताना मी म्हणते, "टोचताना झणका बसेल. मी पाच मोजेपर्यंत ओसरेल." आणि खरंच मोठ्यानं मोजते. स्पिरिट सुकेपर्यंत थांब, ओल्या स्पिरिटवर टोचलं की विनाकारण चुरचुरतं. कुठल्या हातानं जेवता-लिहिता ते विचार आणि जमत असेल तर दुसरा हात निवड. कोपराच्या नि मनगटाच्या सांध्यावर शक्यतो नको. दोनदा फसलं की तिसरा प्रयत्न दुसऱ्याला करू दे. त्यात कमीपणा नाही. 'तुमच्या शिराच खराब आहेत' असं मात्र म्हणायचं नाही. टोचून घ्यायचं त्यानं आणि वर दोषही त्याचाच?

शुद्धीत नसलेल्या पेशंटलाही हे सगळं सांगायचं. त्याला ऐकू येतंय असं धरूनच वागायचं. "आता डावीकडे वळवतोय, पाठ पुसणार आहे." सुरुवातीला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, मग सवय होते. आणि त्याच्या उशाशी उभं राहून दुसऱ्या सिस्टरशी त्याच्या रिपोर्टबद्दल कुजबुजायचं नाही. पेशंटच्या खोलीत किंवा दाराबाहेर असं बोलत उभं राहणं म्हणजे नकळत केलेला क्रूरपणा, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

बेडपॅन

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण कुणीच रेंगाळत नाही. कॉलेजात एका प्रॅक्टिकलमध्ये उरकतात आणि वॉर्डात मावशींवर सोपवून मोकळे होतात.

अपघातात दोन्ही पाय मोडलेला एक विशीतला मुलगा आमच्याकडे होता. हसतमुख, पण जेवण जवळपास बंद. चौथ्या दिवशी पोट फुगलं. चार्टवर शौचाच्या रकान्यात चार दिवस 'नाही', आणि खाली आम्हा तिघींच्या सह्या. एनिमा द्यायला गेले तेव्हा तो पडद्याकडे बघत होता. पडद्याची एक कडी तुटलेली, त्यामुळं पायाच्या बाजूला चार बोटं फट राहायची, आणि समोरच्याच कॉटवर त्याच्या वयाची मुलगी तिच्या वडिलांजवळ बसलेली असायची. औषधाची गरज होती की नव्हती कुणास ठाऊक, सेफ्टी पिनची होती. तेव्हापासून माझ्या खिशात दोन सेफ्टी पिना असतात.

तर पडदा आधी, पूर्ण. पॅन स्टीलचा असेल तर कोमट पाण्यानं धुऊन, पुसून आण. थंडगार धातूवर बसवलं की सगळं आखडतं. कमरेखाली शोषक शीट घाल. अंगावरचं पांघरूण काढू नको, त्याच्या आडूनच काम कर. कंबर उचलता येत असेल तर गुडघे दुमडून, टाचा गादीत रोवून, तीन म्हटल्यावर उचलायला सांग आणि आपला एक हात कमरेखाली दे. उचलता येत नसेल तर कुशीवर वळव, पॅन बैठकीला नीट टेकवून धर आणि पॅनसकट परत पाठीवर घे. मणक्याची इजा किंवा डॉक्टरांची मनाई नसेल तर मग कॉटची डोक्याकडची बाजू वर कर. हे विसरलं जातं. आडवं झोपून कुणाला होतं? स्वतः करून बघ.

बेल आणि टिश्यू हातात दे आणि पडद्याबाहेर जा. अशक्त पेशंट असेल तर लांब जायचं नाही, पण डोकंही आत खुपसायचं नाही. 'झालं का?' असं वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं विचारायचं नाही. काढताना आधी डोकं खाली, मग पॅन आडवा धरून काढायचा. बाईमाणसाला पुढून मागं पुसायचं. शेवटी त्यांचेही हात धुवायला पाणी द्यायचं. आपण आपले धुतो आणि त्यांचे विसरतो.

आणि चेहरा. पेशंट त्या वेळी पॅनकडे बघत नसतो, तुझ्या नाकाकडे बघत असतो. तोंडानं श्वास घे आणि जे बोलणं चाललं होतं तेच चालू ठेव. एखाद्यानं 'माफ करा हं सिस्टर' म्हटलं तर 'असू दे, माझं कामच आहे' पेक्षा 'बरं झालं, पोट मोकळं झालं' हे मला जास्त बरं वाटतं. पहिल्यात उपकार डोकावतो.

कूस, पाठ, दुखणं

स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलायची. एकदम नव्वद अंशात कुशीवर उभं करायचं नाही. पाठीमागं उशी लावून तीसेक अंश कलता ठेवायचा, म्हणजे मांडीच्या हाडावर भार येत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. माणसाला ओढू नको, ड्रॉ शीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर, धरून दोघांनी उचला; ओढताना कातडीच घासली जाते. चादरीची सुरकुती काढताना तळहात फिरवून बघ, डोळ्याला दिसत नाही ती हाताला लागते. माकडहाडावर लाली दिसली तर बोटानं दाबून बघ. दाबल्यावर पांढरी होत नसेल तर बेडसोअरची ती पहिली पायरी आहे. तिथं चोळायचं नाही, रबरी रिंगही ठेवायची नाही. तो भाग मोकळा ठेवायचा आणि रिपोर्ट करायचा.

दुखणं शून्य ते दहामध्ये विचारतात, ते विचारावंच. पण पेशंट आठ सांगतोय आणि फोनवर हसतोय म्हणून आपण मनात चार लिहायचं नाही. पेशंट सांगतो तेवढंच त्याचं दुखणं, हे मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सनं १९६८ सालीच मांडलं, आणि अजून ते वॉर्डावॉर्डात नव्यानं सांगावं लागतं. इंजेक्शन दिल्यावर वीस-तीस मिनिटांनी आणि गोळी दिल्यावर तासाभरानं परत येऊन विचार. निम्मा गुण त्या परत येण्यात असतो. ज्यांना बोलता येत नाही त्यांचं कपाळ आणि मुठी बघ.

'आलेच'

हा शब्द मी टाकून दिलाय. एका आजोबांनी लघवीला जायचंय म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "आलेच." तेवढ्यात पलीकडच्या कॉटवर एकाचं ऑक्सिजन खाली गेलं आणि त्यात पाऊण तास गेला. आजोबांनी तेवढी वाट पाहिली नाही, का पाहावी? उठले, पाय घसरला, लॉकरच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. पाच टाके. मी ड्रेसिंग करायला गेले तर तेच म्हणाले, "तुम्ही गडबडीत होता सिस्टर, माझंच चुकलं." ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

आता मी वेळ सांगते आणि सोयही करून जाते. "मला पंधरा मिनिटं लागतील. युरिनल इथं, उजव्या हाताशी. एकट्यानं उठायचं नाही." आणि उशीर होतोय असं दिसलं तर कुणाला तरी निरोप द्यायला पाठवते. कॉट सोडण्याआधी चार गोष्टी विचारते: दुखतंय का, लघवी-शौचाला जायचंय का, असं झोपणं बरं वाटतंय का, आणि सगळं हाताशी आहे का. हाताशी म्हणजे बेल, पाणी, चष्मा, फोन. हात लांब करून दाखवायला सांगते, नुसतं विचारत नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात. कॉट खाली, ब्रेक लावलेला.

रात्र

रात्रीची कामं एकत्र कर. बारा वाजता बीपी, साडेबाराला औषध, एक वाजता कूस, असं केलं की माणूस झोपतच नाही. टॉर्च भिंतीवर किंवा जमिनीवर मार, डोळ्यांवर नको. आणि स्टेशनवरचं आपलं हसणं शेवटच्या कॉटपर्यंत पोचतं, हे पेशंट झाल्याशिवाय कळत नाही.

रात्री म्हातारी माणसं गोंधळतात. भिंतीवर माणसं दिसतात, सलाईन ओढतात, 'घरी जायचंय' म्हणतात. वाद घालायचा नाही. आपण कोण, ही जागा कुठली, किती वाजलेत, हे शांतपणे सांगायचं. चष्मा लाव, कानातलं यंत्र लाव. एका बाईंना सगळे दोन दिवस 'गोंधळलेल्या' म्हणत होते, त्यांचं यंत्र ड्रॉवरमध्ये कापसात गुंडाळलेलं निघालं. आणि कारण शोध: मूत्राशय भरलंय का, ऑक्सिजन कमी झालाय का, ताप, दुखणं, नवीन औषध. अचानक आलेला गोंधळ हा आजारच आहे, डॉक्टरांना कळवायचाच. जो गडबड करतो त्याच्याकडे सगळे धावतात. अचानक गप्प झालेला, दिवसभर झोपून राहणाराही तितकाच गोंधळलेला असू शकतो. हात बांधायची घाई करू नको, बांधलेला माणूस जास्त झगडतो.

शेवटचे तास

औषधानं आता काही व्हायचं नाही असं ठरलं की वॉर्डात त्या कॉटकडे जाणं नकळत कमी होतं. मीही टाळलंय. पण त्या वेळी नर्सिंगशिवाय दुसरं काहीच उरलेलं नसतं.

तोंड कोरडं पडतं. ओल्या स्पंजनं किंवा मऊ ब्रशनं हिरड्या, गाल, जीभ पुसायची, डोकं एका कुशीला वळवून, म्हणजे पाणी घशात जात नाही. दातांमध्ये बोट घालायचं नाही. ओठांना मॉइश्चरायझर. घशात घरघर व्हायला लागली की नातेवाईक घाबरतात. कुशीवर वळवल्यानं ती बऱ्याचदा कमी होते. श्वासांत खंड पडायला लागतात, दहा-वीस सेकंद काहीच नाही, मग परत सुरू. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट नक्षी उमटते. हे घडण्याआधी त्यांना सांगून ठेव, साध्या शब्दांत. सांगितलेलं नसेल तर प्रत्येक खंडाला ते तुझ्याकडे धावतील आणि त्या धावपळीत जवळ बसायचं राहून जाईल.

नातेवाइकांना 'शांत व्हा' म्हणू नको, त्यानं कुणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. काम दे. ओठ ओले करायला कापूस दे, पायांना क्रीम लावायला सांग. एक मुलगा बापाच्या कॉटपासून चार फूट लांब उभा होता, दोन दिवस. मी त्याच्या हातात वाटी आणि कापूस दिला. तो बसला. पहाटे चारला वडील गेले तेव्हा कापूस त्याच्या हातातच होता.

नंतर लगेच नळ्या ओढायला लागायचं नाही. घरच्यांना वेळ दे. मग पडदा ओढून, तसंच कोमट पाणी घेऊन, तसंच सांगत अंग पुसायचं: "आता हात पुसतेय, काका." मी अजून बोलते. एका ज्युनिअर मुलीनं विचारलं होतं, आता कशाला? मला उत्तर आलं नाही. पुढच्या वेळी तीच बोलत होती.

तू

चिडशील. थकशील. एखाद्या पेशंटचा राग येईल, अगदी रास्त येईल. तेव्हा कॉटपासून लांब जा, दुसरीला सांग 'दोन मिनिटं बघ', पाणी पी. रागातला हात पेशंटला कातडीतून कळतो.

ड्युटी संपताना

हँडओव्हर शक्यतो कॉटजवळच दे, आणि पेशंटला त्यात घे: "या आता दुपारपर्यंत तुमच्याजवळ असतील." बीपी, सलाईन, लघवी किती, कुठलं औषध चुकलं, हे सगळं सांगायचंच. त्याच दमात एक वाक्य आणखी, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही. "यांना डाव्या कुशीवर झोप लागते, चष्मा उशीखाली आहे, आणि पाण्याचा ग्लास डावीकडे ठेव, उजव्या हाताला सलाईन आहे."